कुंकू गेलं कुठे?

‘रोलवाला कॅमेरा? अजून रोल मिळतात?’

हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे सगळे तुमच्या-आमच्यासारखेच. सकाळी साडेनऊला कार्ड पंच करणारे, खिशात तीन-तीन लेन्सवाला फोन बाळगणारे आणि वीकेंडला काहीतरी हटके करायला निघालेले. मिळतात हो रोल! एवढ्या तऱ्हेचे मिळतात की काऊंटरवर उभं राहिलं की डोकं चक्रावतं. इल्फर्ड घेऊ की कोडॅक? शंभरचा की चारशेचा? एकाच कंपनीचे डेल्टा आणि एचपी५ दोन्ही चारशेचे, मग फरक काय? दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, सगळेच चांगले.’ मित्र म्हणतात, ‘ट्राय-एक्स घे, क्लासिक आहे.’ तीन वर्षं मी डबे बदलून बदलून पाहिले आणि आपल्याला यातलं बऱ्यापैकी कळतं अशा समजुतीत राहिले.

मग एका उन्हाळ्यात मी आजीच्या कपाळावरचं कुंकू फोटोतून पुसून टाकलं. चुकून. पण पुसलं ते पुसलंच.

बाराच फोटो?

माझं आजोळ कोंढा. भंडारा जिल्हा, पवनी तालुका. शेजारी कोसरा, त्यामुळे लोक ‘कोंढा-कोसरा’ असं जोडूनच नाव घेतात, जुळ्या भावंडांसारखं. चहूकडे धानाच्या बांध्या, मधल्या धुऱ्यांवर तूर. मामाचं घर कवेलूंचं. पुढे छपरी, मागे सांदवाडी. मे महिन्यात छपरीबाहेर पाय ठेवला तर चटका बसतो आणि छपरीत आलं की दोन मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी येते. हे वर्णन हौसेनं करत नाहीये. फिल्म निवडताना मला जी अडचण आली, ती याच चटक्यात आणि अंधारीत होती.

कॅमेरा माझा सेकंडहँड याशिका मॅट १२४ जी. १९७० नंतरचं मॉडेल, एकावर एक दोन लेन्स, वरून झाकण उघडून खाली बघायचं. छातीशी धरून वाकायचं आणि काचेवर उमटलेलं चौकोनी चित्र पाहायचं. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे पहिले काही रोल माणूस चौकटीबाहेर पळवण्यातच जातात. आजीनं हे पाहिलं आणि विचारलं, ‘काहून वं बाई, एवढी वाकून राह्यली? पाया पडून राह्यली का माह्या?’

या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागतो. कोडॅकनं तो १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि सव्वाशे वर्षांनंतरही तोच चालू आहे. कोणत्या पेन ड्राइव्हबद्दल असं म्हणता येईल? रोलला प्लास्टिकची डबी नसते. फिल्म आणि तिच्या पाठीला कागद, दोन्ही एकत्र गुंडाळलेले. चौकोनी निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची म्हणतात, प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर. आपल्या आई-बाबांच्या काळातल्या ३५ मिलिमीटर रोलच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळ साडेतीनपटीहून जास्त. आणि फोटो फक्त बारा.

‘एवढा मोठा डब्बा आनला अन् बाराच फोटो?’ पुन्हा आजी.

आपल्याकडे मीडियम फॉरमॅट म्हटलं की श्रीमंतांचं हॅसलब्लाड डोळ्यांसमोर येतं. खरं तर मध्यमवर्गीय भारतीय घरातला पहिला कॅमेरा अनेकदा याच रोलचा असायचा. आठवतो का, कपाटाच्या वरच्या खणातला काळा अॅग्फा क्लिक-३? तो बडोद्यात बनायचा. रोल १२० चाच, फोटो बाराच, चौकोनी. आणि त्यात घालायला देशी फिल्मही होती. उटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, १९६७ पासून उत्पादन सुरू झालं, ब्रँडचं नाव ‘इंदू’. ती कंपनी आता बंद आहे. त्यामुळे आज आपण काऊंटरवर जो डबा उचलतो तो इंग्लंडचा, अमेरिकेचा नाहीतर चेक प्रजासत्ताकाचा असतो, आणि त्यावरचे सल्लेही तिकडचेच. ढगाळ आकाश आणि गोरी कातडी गृहीत धरून दिलेले!

चारशेचा फंडा

आधी स्पीडबद्दल. सगळीकडे सांगतात की फिल्म जितकी कमी स्पीडची तितके कण बारीक, तितका फोटो तलम. ३५ मिलिमीटरला हे एकदम बरोबर. मीडियम फॉरमॅटला मात्र ते निम्मंच खरं आहे. निगेटिव्हच एवढी मोठी की तेवढ्याच आकाराच्या प्रिंटसाठी ती कमी ताणावी लागते, त्यामुळे चारशेच्या फिल्मचे कणही फारसे बोचत नाहीत. दुसरीकडे या कॅमेऱ्याची लेन्स ८० मिलिमीटरची. फोकसची खोली कमी. दोन माणसं मागे-पुढे बसवली आणि अॅपर्चर उघडं ठेवलं तर आजी स्पष्ट आणि आजोबा धूसर! म्हणून एफ-८ पर्यंत बंद करावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग पुन्हा चारशेचीच फिल्म बरी वाटते. मीडियम फॉरमॅटवाले बरेच जण एचपी५ नाहीतर ट्राय-एक्सवर स्थिरावतात, त्यामागे हे साधं गणित आहे.

पण कोंढ्याच्या उन्हात हेच गणित उलटतं. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा, की अॅपर्चर एफ-१६ ठेवा आणि शटर फिल्मच्या स्पीडएवढं. चारशेची फिल्म म्हणजे एफ-१६ ला १/४०० सेकंद. माझ्या याशिकाचं शटर १/५०० च्या पुढे जातच नाही. म्हणजे दुपारी बाहेर मी एफ-१६ च्या आसपास अडकले. मागचा बांबूचा तट्टा, बादली, मामाची बाइक सगळं स्पष्ट. पोर्ट्रेट कसलं, पंचनामाच तो! तिथे १२५ स्पीडची एफपी४ असती तर एफ-८ पर्यंत सहज येता आलं असतं.

माझ्या बॅगेत एफपी४ नव्हती. चार रोल एचपी५ आणि एक नारिंगी फिल्टर होता. नारिंगी फिल्टर प्रकाश दोन स्टॉप खातो, म्हणजे चारशेची फिल्म शंभरसारखी वागते. प्रॉब्लेम सॉल्व्ह! शिवाय सगळी पुस्तकं सांगतात की नारिंगी फिल्टरनं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. मी खूश होऊन फिल्टर खटकन बसवला आणि आजी-आजोबांना अंगणात कडुलिंबाजवळ बाजेवर बसवलं.

आजोबा तेव्हा चौऱ्यांशीचे. ‘फोटो काहाडाचा हाये त काहाड लवकर,’ म्हणाले. आजीनं मात्र वेळ घेतला. मेण लावून त्यावर कुंकू, चांगलं रुपयाएवढं लालभडक. रोज लावते तेच, पण त्या दिवशी आरसा दोनदा पाहिला.

आता या कॅमेऱ्याची एक गंमत. फिल्टर बसतो खालच्या लेन्सवर, जिच्यातून फोटो निघतो. आपण पाहतो वरच्या लेन्समधून. त्यामुळे फिल्टर काय करतोय ते डोळ्यांना दिसतच नाही. मला काचेवर लालभडक कुंकू दिसत होतं. फिल्मला काय दिसत होतं ते पुण्याला परतल्यावर कळलं.

माठातलं पाणी

मधेच एक रोल मी तिथेच धुतला, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणं अवघड नाही. एक काळी बॅग, एक टाकी, डेव्हलपर, फिक्सर आणि थर्मामीटर. डब्यांवरचे सगळे टाइम वीस अंश तापमानाचे असतात. वीस अंश! कोंढ्यात मे महिन्यात टाकीचं पाणी अंघोळीला गार घालून घ्यावं लागतं. बर्फ आणायला जाणार तेवढ्यात मामी म्हणाली, ‘माठातलं घे ना.’ कोरड्या उन्हाळ्यात माठ जे काम करतो ते कोणताही फ्रिज इतक्या गुपचूप करत नाही. थर्मामीटर चोवीसवर थांबला. आयडी-११ एकास एक पातळ केलं की एचपी५ ला वीस अंशांना तेरा मिनिटं लागतात, चोवीसला साधारण नऊ. शेवटचं पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड, कारण बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. सांदवाडीत कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं निगेटिव्ह टांगली तेव्हा शेजारची पोरं गोळा झाली. ‘एक्स-रे हाये का?’

या भागात फिल्म निवडायची तर हाही मुद्दा धरा. काही फिल्म धुताना तापमान आणि वेळ दोन्हीत काटेकोर असाव्या लागतात. कोडॅकची टी-मॅक्स, इल्फर्डची डेल्टा या चपट्या कणांच्या आधुनिक फिल्म, देखण्या आणि तलम, पण थोडं इकडेतिकडे झालं की चेहऱ्यावर दिसतं. एचपी५, ट्राय-एक्स, एफपी४ या जुन्या घराण्याच्या फिल्म बऱ्याच चुका पोटात घालतात. ट्राय-एक्स रोलमध्ये आली १९५४ साली. इल्फर्डची एचपी मालिका त्याहून जुनी, १९३५ पासूनची. चेक फोमापॅन खिशाला परवडते, पण तिच्या चारशेच्या डब्यावर फार विश्वास ठेवू नका. मी तिला दोनशेच समजते. माठाच्या पाण्याच्या भरवशावर राहणार असाल तर जुनं घराणं बरं, हे माझं मत.

उलटा ठेवलेला फोटो

बाजेवरच्या फोटोचा रोल मी पुण्यात धुतला आणि एक छान मोठी प्रिंट पोस्टानं पाठवली. मला ती इतकी आवडली होती की पाठवायच्या आधी चार मित्रांना दाखवली. आकाश काय, झाडाचा पोत काय, आजोबांच्या पागोट्याच्या घड्या काय! चौघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

प्रिंट पोचली त्याच आठवड्यात आजोबांच्या छातीत दुखायला लागलं आणि मामानं त्यांना भंडाऱ्याला अॅडमिट केलं. तिसऱ्या दिवशी मामीचा फोन आला. आजोबांची तब्येत सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, ‘बाई, तुह्या फोटो आला. पन आजीनं तो उलटा करून ठेवला आलमारीत.’

मी प्रिंटची दुसरी कॉपी बाहेर काढली आणि कपाळ पाहिलं. कोरं होतं. नवरा दवाखान्यात, आणि नातीनं पाठवलेल्या फोटोत बाईचं कपाळ पांढरं.

झालं ते असं. आजच्या बहुतेक फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग ओळखणाऱ्या. एचपी आणि एफपी या नावांतला ‘पी’ त्याचाच. लाल रंग त्यांना दिसतो आणि करड्या छटेत उमटतो. आपल्या गव्हाळ कातडीची छटाही साधारण तिथेच. त्यामुळे साध्या पॅन फिल्मवर लाल कुंकू मुळातच फिकं पडतं. त्यावर मी नारिंगी फिल्टर लावला. नारिंगी काच लाल प्रकाश आत सोडते आणि निळा अडवते. म्हणून निळं आकाश काळं झालं, आणि त्याच हिशेबानं लाल कुंकू उजळून कपाळात विरघळलं. ढगांसाठी मी जे केलं त्याची किंमत आजीच्या कपाळानं दिली.

‘माह्यं कुकू कुठी गेलं वं?’ आजीनं फोनवर एवढंच विचारलं. मी फिल्टरबिल्टर समजावू लागले. ती ऐकून घेत होती, पण तिला काचेचा खुलासा नको होता. आजोबा बाराव्या दिवशी घरी आले, निम्मे होऊन.

लाल न दिसणारी फिल्म

एकेकाळी फिल्मला लाल रंग दिसतच नसे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हाची फिल्म लालाच्या बाबतीत आंधळी होती. लाल जे काही असेल ते पडद्यावर काळं. निळं आणि हिरवं तेवढं दिसणाऱ्या फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. पॅनक्रोमॅटिक आल्यावर ती मागे पडली. पण २०१९ मध्ये इल्फर्डनं ‘ऑर्थो प्लस’ पुन्हा रोलमध्ये आणली, १२० मध्येसुद्धा. स्पीड दिवसाच्या उजेडात फक्त ८०, बल्बच्या उजेडात ४०.

तेव्हा मला आजीच्या ट्रंकेतला फोटो आठवला. लग्नानंतरचा, पवनीच्या स्टुडिओत काढलेला, चौकोनी, पांढऱ्या कडेचा. मागे रंगवलेला महाल आणि कमळाचं तळं. आजी जेमतेम अठराची, कपाळावर काळंभोर ठसठशीत कुंकू. माझ्या डोक्यात दिवा पेटला. तो फोटो ऑर्थोवरचा असणार! मी दोन रोल ऑर्थो प्लस मागवले आणि दिवाळीला कोंढा गाठलं. ट्रेननंच. विमानतळांवर आता सीटी स्कॅनर येताहेत, त्यातून गेलेली फिल्म धूसर होऊ शकते. विमानानं जाणार असाल तर रोल हातात घेऊन तपासायची विनंती करा आणि चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका.

पवनीत उतरून आधी त्या जुन्या धंद्यातल्या एका काकांना गाठलं. आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन करतात. आजीचा फोटो दाखवला, ऑर्थोची थिअरी झाडली. त्यांनी लोखंडी कपाटातून भिंग काढलं, फोटो तिरका करून उजेडात धरला आणि हसले. ‘हे पाहा. कडेला शाई चमकते. ब्रशनं काढलं आहे.’

भिंगातून खरंच दिसत होतं. कुंकवाचा गोल कागदावर वरून भरलेला. काका म्हणाले, पूर्वी प्रत्येक सवाष्णीच्या कॉपीवर कुंकू आणि मंगळसूत्राचे मणी ब्रशनं ठळक करायचे. निगेटिव्हवर पेन्सिलनं गालावरच्या देवीच्या खुणा झाकायच्या. ‘गिऱ्हाइकाला कुंकू दिसलं नाही तर पैसे कोण देईल?’ आणि पुढचं वाक्य मला आधी कोणी का सांगितलं नाही कोण जाणे! ‘तुमचीच चारशेची फिल्म वापरा. नारिंगी काढून हिरवी काच लावा. लाल आपोआप काळं पडतं.’

म्हणजे ज्यासाठी मी खास रोल मागवले ते काम एका हिरव्या फिल्टरनं झालं असतं. माझ्याकडे हिरवा फिल्टर नव्हता. काकांकडचा माझ्या लेन्सला बसेना. मग ऑर्थोच!

तेव्हा पहिला रोल घेणाऱ्यांना माझा सल्ला काय, तर महागड्या प्रयोगांआधी एकच फिल्म, एचपी५ किंवा ट्राय-एक्स, आणि दोन काचा. पिवळी नेहमीसाठी. हिरवी, ज्या फोटोत कुंकू, लाल साडी किंवा धानाचं शेत आहे त्यासाठी. हिरव्यानं रोवणीतलं कोवळं धान उजळतं आणि लाल लुगडी गडद होतात, बांधीत वाकलेल्या बायका शेतापासून सुट्या दिसतात. प्रकाश साधारण दोन स्टॉप जातो, तेवढं मोजून घ्या. नारिंगी आणि लाल काच डोंगर, किल्ले, ढग यांच्यासाठी ठेवा. माणसं चौकटीत आली की काढा.

मंडईची रात्र आणि नदीची सकाळ

दिवाळीनंतर इकडच्या गावांत मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, पहाटेपर्यंत. तिथे ऐंशीची ऑर्थो बॅगेतच राहिली. हॅलोजनच्या उजेडात एचपी५ सोळाशे समजून वापरली आणि धुताना वेळ वाढवला. याला पुश करणं म्हणतात. सावल्या काळ्याकुट्ट होतात, कण दिसतात, पण नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा घाम राहतो. दंडारीत बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषाची टिकली मात्र पुन्हा गेली. पिवळ्या दिव्यात लाल रंग जास्तच असतो! या वेळी मी हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मला बाइकवर गोसेखुर्दकडे घेऊन गेला. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींनी केलं. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी आमच्या प्रत्येक नातेवाइकाकडे आहेत. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांवर धुकं होतं. मायकल केना नावाचा इंग्रज फोटोग्राफर हॅसलब्लाड घेऊन असल्याच शांत पाण्याचे लांबलचक एक्स्पोजरचे फोटो काढतो, त्याची नक्कल करायची खुमखुमी मला होतीच. पण लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते. मीटर दहा सेकंद म्हणाला तर एफपी४ ला अठरा द्यावे लागतात, एचपी५ ला वीस. फोमापॅन १०० ला तर ऐंशीच्या घरात! तेवढ्यात मामाचा चहा पिऊन झाला आणि त्यानं विचारलं, ‘अजून तोच एक फोटो सुरू हाये?’

बारापैकी बारा

दुपारी आजी-आजोबा. या वेळी अंगणात नाही, छपरीत. आजोबांना ऊन सोसत नव्हतं आणि मलाही नको होतं. ऑर्थोला उन्हाचं आकाश अगदी पांढरं, कोरं दिसतं. निळा रंग तिला फार आवडतो, त्यामुळे ढग वगैरे विसरायचं. छपरीत उजेड समोरून, मऊ. स्पीड ८०, त्यामुळे ट्रायपॉड, एफ-४ आणि १/३० सेकंद. एफ-४ म्हणजे फोकसची खोली बोटभर. दोघांना एका रेषेत, खांद्याला खांदा लावून बसवलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते असे लोकांसमोर कधी बसले नव्हते. आजी संकोचली. आजोबा नाही.

आजीनं मेण लावलं, कुंकू लावलं. मग मला जवळ बोलावून विचारलं, ‘या टाइमाले राहीन नं?’

‘राहील, आजी.’

हे म्हणताना माझे हात थंड पडले होते. डिजिटल असता तर तिथल्या तिथे स्क्रीन दाखवली असती. इथे बारा वेळा बटण दाबायचं आणि पुण्याला जाऊन पाहायचं. पाचव्या फोटोला आजोबांना खोकला आला, तो वाया. आठव्याला मांजर आली, ती राहू दिली. होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स घेऊन नेहरू-गांधींच्या गर्दीत कशा उभ्या राहत असतील असा विचार मनात आला. त्यांच्यामागे संपादक आणि डेडलाइन. माझ्यामागे फक्त मामी, आणि ती प्रत्येक बटणाला मोठ्यानं मोजत होती.

बारा म्हटल्यावर आजोबा उठून आत जाऊन पडले.

निगेटिव्ह धुतली तेव्हा पहिल्यांदा कपाळ पाहिलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, म्हणजे कुंकवाच्या जागी काचेसारखा स्वच्छ ठिपका हवा. होता. सगळ्या बाराच्या बारा चौकोनांत.

पण ऑर्थोनं हिशेब दुसरीकडे चुकता केला होता. आपल्या कातडीत लाल-तांबूस रंग भरपूर, तोही या फिल्मला दिसत नाही. दोघंही प्रत्यक्षाहून सावळे, प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी, आजोबांच्या दंडावरचा सुईचा डागसुद्धा ठळक. दयानिता सिंग यांच्या चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटोंमधली घरंदाज, मखमली माणसं मला फार आवडतात. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय... असो. तसं काही इथे नव्हतं. इथे दोन म्हातारी माणसं होती, एक नुकतं दवाखान्यातून आलेलं.

प्रिंट या वेळी पोस्टानं पाठवली नाही. नाताळच्या सुट्टीत स्वतः घेऊन गेले. आजीनं ती उन्हात नेली, लांब धरली, मग जवळ धरली आणि बोटानं कपाळ चाचपलं. ब्रशची शाई लागते का ते पाहत असावी.

‘आता बराबर हाये,’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘पन मी एवढी कारी हावो का वं?’

‘हायेस,’ बाजेवरून आजोबा म्हणाले.

तो फोटो देवघराच्या आलमारीत उभा करून ठेवलाय. उन्हाळ्यातला पहिला फोटो मी परत मागितला, तर दिला नाही. तो त्याच्याच मागे आहे, अजून उलटा.